हिराच्या टोकावरचं सुंगट

पार्से गावात मी पावणेदोन वर्षं भाड्याने राहिले. त्या सगळ्या काळात घरमालकाच्या बैठकीच्या खोलीतून जाताना मी मान खाली घालून चालायचे. लाजेने नव्हे. त्या खोलीत सहा फूट लांबीची काचेची टाकी होती आणि तिच्यातल्या माशांची तोंडं मला बघायची नसायची. टाकीशेजारच्या वेताच्या खुर्चीत बहुधा आणखी एक तोंड असायचं. तेही मला बघायचं नसायचं.

मी गडहिंग्लजकडची. घर माळकरी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं आठवत नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि तुयेच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात, गोळ्या तपासायच्या विभागात नोकरी लागली. कारखान्याची बस पार्शावरून जायची म्हणून तिथं खोली बघितली. खोली घराच्या मागच्या अंगाला होती, हवेशीर होती, खिडकीतून काजूची झाडं दिसायची. फक्त तिला स्वतंत्र दार नव्हतं. यायचं-जायचं बैठकीतूनच; मागचं दार स्वयंपाकघरातून होतं आणि ते घरच्यांपुरतं.

घरमालक तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेला माणूस. सगळी उमर परदेशी बोटींच्या इंजिनाजवळ काढून घरी येऊन बसलेला. अंगाने आडवा, आवाज असा की शेजारच्या वाड्यावर कळावं आज यांच्याकडं काय शिजलंय. मी त्यांना काका म्हणायचे, कारण दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. ते मला नावाने कधीच हाक मारायचे नाहीत. मी घाटावरची, म्हणून "घाटीण". पहिल्या दिवशी ट्रंक आत आणताना मी टाकीपाशी थबकले, तर खुर्चीतून आवाज आला, "भियेव नाका गो घाटणी. तो माणसांक खायना. घाट्यांक खाता काय, ती माका खबर ना." आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसले.

"तो" म्हणजे गोबरो. खडकात राहणारा, तपकिरी अंगावर ठिपके असलेला, जाड ओठांचा मासा. तेव्हा माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा असेल. तो टाकीच्या कोपऱ्यात दगडाखाली नुसता पडून असायचा आणि डोळे तेवढे फिरवायचा. त्याच्याशिवाय एक वाम होती, सापासारखी, पीव्हीसी नळीच्या तुकड्यातून डोकं बाहेर काढून सतत तोंड उघडमीट करणारी. आणि दोन लायनफिश. लाल-पांढरे पट्टे, पिसाऱ्यासारखे पर, पाठीवर विषारी काटे. दिसायला देखणे होते हे मला कबूल करावं लागेल. पण तिथल्या प्रत्येक जिवाचा धंदा एकच होता: तोंडात मावेल ते गिळणं.

रविवारी दुपारी काका त्यांना चारायचे. रोज थोडं थोडं नाही. आठवड्यातून एकदा, माणसं जमवून. नदीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या खाजण शेताला पाणी सोडायची झडप असते, तिला मानस म्हणतात. तिथून ते बालडीभर शेवटो जातीच्या माशाची पिल्लं जिवंत आणायचे. बोटाएवढे चांदीसारखे मासे. शेजारपाजारचे दोघं-तिघं, कधी म्हापशाहून आलेला एखादा जुना बोटीवरचा सोबती, सगळे खुर्च्या ओढून बसायचे. मग काका एकेक पिल्लू सोडायचे. गोबरो हलायचाच नाही. पिल्लू बिचकत त्याच्यासमोरून जायचं आणि क्षणात तिथं काही नसायचं. पाण्यात फक्त दोन-चार खवले तरंगत राहायचे. माणसं टाळ्या वाजवायची.

एका रविवारी मी बाहेरून आले, तर त्यांनी बालडी माझ्यासमोर धरली. "सोड एक. बघूया हिंमत."

"नको काका. आमच्याकडं चालत नाही."

"तुका खाऊक सांगूक ना मी. नुसतो सोड."

मी बाजूने निघाले, तर पाय आडवा केला. मस्करीतच. पाहुणे हसले. मी ओलांडून गेले आणि खोलीत जाऊन कडी लावली. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा आणि त्याच्या माशांचा मनापासून राग करू लागले, आणि राग करणं सोपं होतं, कारण तो रोज मला नवीन कारण द्यायचा.

मे महिन्यातली गोष्ट. तिकडं वीज सारखी जायची. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याची लाईन फक्त टाकीला. पाणी थंड ठेवायचं यंत्र, पाण्यात हवा सोडायचा पंप, दिवे. मी म्हटलं, माझ्या खोलीतला एक पंखा जोडा, एवढा भार काही पडत नाही. काका म्हणाले, "मासो गरमेन मरता. माणूस मरना." काकी, म्हणजे त्यांची बायको, दारात उभ्या होत्या. बारीक, कायम ओला हात पदराला पुसणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या. त्यांच्याही स्वयंपाकघरातला पंखा त्या लाईनवर नव्हता, हे मला नंतर कळलं.

जूनमध्ये एक लायनफिश मेला. सकाळी तळाशी आडवा पडलेला सापडला. मी कामावर निघाले होते. काकांनी मला थांबवलं.

"काल तुझ्या खोलीत अगरबत्ती पेटयली हुती?"

"रोज पेटवते."

"ताच्या धुरान मेलो तो."

मी अगरबत्ती दोन भिंतींपलीकडं लावत होते. मी बस पकडली, पण ती गोष्ट दिवसभर डोक्यात राहिली. पाणी कशाने बिघडतं हे मला कळत होतं. आठवड्यातून एकदा बालडीभर जिवंत मासे ओतायचे, निम्मे खाल्ले जातात, निम्मे दगडांमागं मरून कुजतात, त्याचा अमोनिया होतो. वरून पावसाळा, किनाऱ्यावरचं पाणी गोडं झालेलं, म्हणून काका मिठाची पूड कालवून पाणी बदलायचे, तेही मनाला येईल तेव्हा. शुक्रवारी सुट्टी काढून मी म्हापशाच्या बाजारात गेले आणि मासे विकणाऱ्या दुकानातून पाणी तपासायची छोटी पेटी आणली. माझ्या पैशाने. मदत म्हणून आणली असं मी आज म्हणणार नाही. त्या माणसाला खोटं पाडायला आणली.

संध्याकाळी त्यांच्यासमोर नळीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब टाकले. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते गडद हिरवं झालं.

"हे बघा. विष आहे हे. तुम्ही घातलेल्या खाण्याचं. अगरबत्तीचं नाही."

त्यांनी नळी हातात घेतली, उजेडात धरली, आणि खिडकीतून बाहेर ओतली. "तू गोळ्यो तपास. मासो माका शिकयनाका. तुझ्या गावात न्हंय तरी आसा काय?"

"हिरण्यकेशी नदी आहे," मी म्हटलं. ते ऐकायला थांबले नाहीत.

श्रावण लागला. हिंदूंच्या घरी तिकडं श्रावणात मासे येत नाहीत, ते गणेश चतुर्थी होईपर्यंत. काकी तर त्या बाबतीत कडक; एरवीही सोमवारी चुलीवर मासळी चढू द्यायच्या नाहीत. पण टाकीतल्यांना श्रावण कसला? काकांनी मानसीवरून मासे आणणं चालूच ठेवलं होतं, फक्त बालडी पुढच्या दाराऐवजी मागच्या दाराने यायची. एका सकाळी मी डबा भरत होते तेव्हा बैठकीतून किंकाळी आली. काका काच घासायला टाकीत हात घालून उभे होते आणि उरलेला लायनफिश त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला काटा मारून बाजूला झाला होता. आडवातिडवा माणूस खुर्चीत कोसळून लहान मुलासारखा ओरडत होता. काकी हळद शोधायला पळाल्या.

मला उपाय माहीत होता. पहिल्या महिन्यातच भीतीपोटी मी फोनवर वाचून ठेवला होता: हात सोसेल तितक्या कढत पाण्यात बुडवून ठेवायचा, उष्णतेने ते विष मोडतं. मी चहाचं आधण बादलीत ओतलं, गार पाणी घातलं, कोपर बुडवून बघितलं आणि त्यांचा हात धरून आत घातला.

"जाळूक बघता गो माका?" ते किंचाळले.

"हात बाहेर काढू नका."

"सोड! सोड माका!"

मी सोडलं नाही. दोन्ही हातांनी त्यांचं मनगट दाबून धरलं. पाणी निवलं की पुन्हा कढत पाणी घातलं. खरं सांगायचं तर पाणी सोसेल तितकंच होतं, त्याहून जास्त नाही. पण प्रत्येक वेळी ते ओरडले तेव्हा माझ्या आत कुठेतरी बरं वाटलं. तास झाला. कळ उतरली. ते घामाने भिजले होते. थँक्यू वगैरे काही नाही. माझ्याकडे न बघता काकींना म्हणाले, "गाडी बोलय."

म्हापशाच्या इस्पितळात ठेवून घेतलं. त्यांना साखरेचा आजार होता, बोट चिघळलं. अकरा दिवस ते तिथं होते.

पहिल्याच दिवशी काकी माझ्या खोलीच्या दारात आल्या. "बाय, त्यांका तू खाऊक घाल. मी हात लावचंय नाय. पण मेले तर माझ्या नावान बोंब मारतलो तो."

मला हो म्हणायचं नव्हतं. मी हो म्हटलं, कारण त्यांच्याकडे बघून नाही म्हणवलं नाही. पण चार दिवस मी माशांना काहीच घातलं नाही. मुद्दाम. उपाशी राहा, म्हटलं, रविवारचे राजे. फक्त पाण्याची पेटी काढून रोज तपासत राहिले, दगडांमागची कुजकी घाण नळीने ओढून काढली आणि मीठ मापून कालवलेलं नवीन पाणी थोडं थोडं घातलं. चौथ्या दिवशी नळीतलं पाणी पिवळं आलं. मी त्यांच्यावर सूड घ्यायला गेले होते आणि त्यांना त्याचीच गरज होती. अशा माशांना रोज खायला लागतच नाही.

पाचव्या दिवशी म्हापशाहून गोठवलेली सुंगटं आणली. कोळंबीला तिकडं सुंगट म्हणतात. काका नसताना श्रावणात त्या घरात मासळी आणणारी एकटी मी, जिने जन्मात ती चाखली नव्हती. काकींनी सुरी बाहेरच्या धुण्याच्या दगडावर ठेवून दिली आणि पाठ फिरवली. मी पहिलं सुंगट उचललं, सोललं आणि ओकारी काढली. मग दुसरं सोललं.

झाडूतला एक हीर घेतला, माडाच्या पात्याची ती लवचीक काडी. टोकाला सुंगटाचा तुकडा टोचला. मानसीवर जाऊन मी जिवंत मासे आणणार नव्हते. कुणाचा जीव माझ्या हाताने जाणार नव्हता, एवढं माझं नक्की होतं. वामीला अडचण आली नाही. तिला डोळ्यांनी कमी दिसतं, वासावर ती नळीतून बाहेर आली आणि तुकडा ओढून घेतला. हिरासकट माझा हात पाण्यात गेला तेव्हा मी ओरडलेच. लायनफिश दोन दिवसांनी वळला. गोबरो मात्र बघायलाही तयार नव्हता. मेलेलं त्याला अन्नच वाटत नव्हतं. तोंडासमोर नेलं की मान फिरवायचा, अगदी मालकासारखी.

"मर मग," मी त्याला म्हणायचे. मोठ्याने. काकी आतून ऐकायच्या.

मग मी हीर बोटांत धरून हळूहळू थरथरवायला लागले, पिल्लू बिचकत जातं तसा. दगडाजवळून न्यायचा, थांबवायचा, झटक्याने मागं घ्यायचा. कामावर जायच्या आधी दहा मिनिटं, आल्यावर दहा मिनिटं. चौथ्या दिवशी संध्याकाळी हिराला हिसका बसला. टोक रिकामं. गोबऱ्याने तुकडा तोंडात धरला, थुंकला, पुन्हा घेतला आणि गिळला.

काकी माझ्यामागं येऊन उभ्या होत्या. "खाल्लान?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. आम्ही दोघी हसलो. त्या घरात मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

मला तो मासा आवडायला लागला होता असं समजू नका. त्याचा चेहरा मला शेवटपर्यंत ओंगळ वाटला. पण मी बैठकीत पाऊल टाकलं की तो दगडाखालून निघून काचेपाशी यायचा, आणि हे मी केलंय, ही जाणीव मला आवडत होती.

काका घरी आले. बोट वाचलं होतं, पण वाकत नव्हतं. मी कामावरून आले तेव्हा ते खुर्चीत होते. मी दारात दिसताच गोबरो वळला आणि काचेच्या माझ्याकडच्या बाजूला येऊन उभा राहिला. काका आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले.

"किते घातलस ताका?"

"सुंगटं. गोठवलेली. पाणी आता स्वच्छ आहे, हवं तर दाखवते."

"मेलेली?"

"हो."

"माझ्या वाघाक तू भिकारी केलंस." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "कोणी विचारला तुका?"

काकी म्हणाल्या, "मी सांगलंय तिका."

"तू गप!"

"तुम्ही घातलेलं खाणं त्यांना मारत होतं," मी म्हटलं. "एक मेला तो त्यानेच. तुम्हाला टाळ्या हव्यात म्हणून ते मरणार."

ते उठून उभे राहिले. "म्हयन्याभितर खोली रिकामी कर."

"त्याआधीच करते," मी म्हटलं.

प्रत्यक्षात निघायला मात्र महिना भरत आला. चतुर्थीला मी गावी जाऊन आले आणि साखळी गावात खोली बघून ठेवली; डिचोलीच्या वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्यात जागा निघाली होती. विसर्जनानंतरच्या रविवारी काकांनी पुन्हा खुर्च्या मांडल्या. मानसीवरची बालडी आली. मी बाहेरून येत होते, पिशव्या घेऊन, शक्य तितकी भिंतीला चिकटून. काकांनी दोन पिल्लं सोडलेली होती. गोबऱ्याने ती सोडून दिली आणि काचेमागून माझ्या बरोबरीने टाकीच्या टोकापर्यंत आला. पाहुण्यांतला एक जण मांडीवर थाप मारून हसला.

"अरे, ह्यो तर तुझ्या भाडेकरणीचो मासो!"

बाकीचेही हसले. काका हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी सामान बांधत होते. टेम्पो दुपारी येणार होता. दारावर टकटक झाली. काका होते, डाव्या हातात झाकलेला वाडगा.

"तुका निरोप," म्हणाले आणि वाडगा उंबऱ्यावर ठेवला. "तुझो शिष्य. चाखून बघ."

त्यांच्या पाठीमागं टाकी दिसत होती. दगडाखालची जागा रिकामी होती. मी झाकण काढलं नाही. खोबऱ्याचा आणि तिरफळाचा वास येत होता. मला ओकारी आली नाही, रडूही आलं नाही. त्या क्षणी हातात सुरी असती तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि हे मी आजही शांतपणे लिहू शकत नाही.

"तुम्ही सोमवारी मासा शिजवलात," एवढंच मी म्हटलं. का हेच बोलले कुणास ठाऊक. ते पाठ फिरवून निघून गेले.

मी वाडगा उचलला, मागच्या दाराने माडाखाली गेले, हाताने खड्डा केला आणि सगळं त्यात ओतून माती लोटली. वाडगा घासला. काकी विहिरीजवळ होत्या, डोळे सुजलेले. मी वाडगा त्यांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "मी शिजयलंय नाय, बाय. त्यानंच केल्यान. मी चूलसुद्धा पेटवन दिली नाय." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. टेम्पो आला तेव्हा काका खुर्चीत होते. मी बैठकीतून पाच फेऱ्या केल्या सामान काढताना, आणि या वेळी मान वर ठेवून, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत. त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

त्यानंतर दीडेक वर्षाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काकी भेटल्या. केळी बघत होत्या. मला घट्ट धरलं, मी वाळले म्हणून तक्रार केली, साखळीची खोली कशी आहे विचारलं. घरी ये म्हणाल्या, तो आता बरेचदा बाहेर असतो. मी नाही म्हटलं.

"अजून राग आसा?" त्यांनी विचारलं.

"आहे, काकी."

"आसूं दी," त्या म्हणाल्या. "माझो पण आसा." मग त्यांनी केळ्यांची फणी मोडून अर्धी माझ्या पिशवीत घातली, आणि आम्ही बोलत बोलत डिचोलीच्या बसपर्यंत गेलो.